गॉटलीब हाबरलांट : खानदेशच्या केळीबागेचा दूरचा पूर्वज

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेला फैजपूर, सावदा, यावल आणि रावेरचा पट्टा केळीसाठी देशभर ओळखला जातो. मृगबाग असो वा कांदेबाग, लागवडीचे दिवस आले की या भागातील रस्त्यांवर हिरव्या, एकसारख्या उंचीच्या रोपांनी भरलेल्या गाड्या दिसू लागतात. एके काळी केळी लावायची म्हणजे जुन्या बागेतून कंद खणून काढायचे, निवडायचे, तासायचे आणि नव्या शेतात लावायचे, अशी रीत होती. आजही ती पूर्णपणे संपलेली नाही. परंतु गाड्यांतून येणारी ही रोपे कोणत्याही बागेतून खणलेली नसतात. ती प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत, मातीचा कणही न पाहता वाढलेली असतात. शेतकरी त्यांना टिश्यू कल्चरची रोपे म्हणतो, तर पाठ्यपुस्तके या तंत्राला ऊतिसंवर्धन म्हणतात.

हे तंत्र शक्य आहे, असे सर्वप्रथम जाहीरपणे मांडणारा माणूस खानदेशापासून हजारो मैल दूर राहत होता. त्याने स्वतः केलेला प्रयोग फसला होता. त्याच्या काचेच्या भांड्यांत एकही रोप उगवले नाही. रोप तर दूरच, एका पेशीच्या दोन पेशीही झाल्या नाहीत. तरीही वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ऊतिसंवर्धनाचे जनक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. त्याचे नाव गॉटलीब हाबरलांट.

रेशीम आणि सोयाबीनच्या घरात

हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ रोजी हंगेरीतील उंगारिश-आल्टेनबुर्ग या गावी झाला. आज हे गाव मोशोनमाद्यारोवार या नावाने ओळखले जाते. त्या काळी ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते आणि तेथील कृषी विद्यालयाची दूरवर ख्याती होती. वडील फ्रीडरिश हाबरलांट त्या विद्यालयात प्राध्यापक होते. पुढे ते गोरित्झिया येथील रेशीम संशोधन केंद्राचे प्रमुख झाले आणि १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या नव्या कृषी विद्यापीठात दाखल झाले. मुलाचे बालपण आणि तारुण्य अशा रीतीने शेते, रोपे, रेशमाचे किडे आणि बियाण्यांच्या पुड्या यांच्या सहवासात गेले.

१८७३ मध्ये व्हिएन्नात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात पूर्वेकडील देशांच्या दालनांत फ्रीडरिश हाबरलांट यांना सोयाबीनचे दाणे मिळाले. युरोपला हे पीक जवळजवळ अपरिचित होते. त्यांनी ते पेरून पाहिले, साम्राज्याच्या वेगवेगळ्या भागांतील शेतकऱ्यांना बियाणे वाटले, उत्पन्नाच्या नोंदी मागवल्या आणि १८७८ मध्ये सोयाबीनवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने पोहोचवणारे हे पीक आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे युरोपातील सोयाबीनचा उत्साहही ओसरला. आज विदर्भ आणि मराठवाड्यातील लाखो हेक्टर जमीन ज्या पिकाखाली आहे, त्याचे महत्त्व ओळखणारा हा माणूस आपल्या काळाच्या फार पुढे होता. काळाच्या पुढे असण्याचा हा वारसा, आणि त्याबरोबर येणारी उपेक्षाही, हाबरलांट घराण्यात पुढील दोन पिढ्या चालू राहणार होती.

रचनेमागचे काम शोधणारा अभ्यासक

गॉटलीब यांनी व्हिएन्ना विद्यापीठात युलियस व्हीझनर यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८७६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे सिमॉन श्वेंडेनर यांच्याकडे गेले. या वास्तव्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. वनस्पतीचे खोड म्हणजे स्थापत्यशास्त्राच्या नियमांनी उभारलेली इमारत आहे, तिच्यातील कठीण धागे तुळयांप्रमाणे भार पेलतात, असा श्वेंडेनर यांचा दृष्टिकोन होता. वनस्पतीच्या शरीरातील पेशींची केवळ नावे आणि आकार नोंदवून थांबू नये, त्या तेथे कोणते काम करतात हे विचारावे, ही दृष्टी तरुण हाबरलांट यांनी तेथून उचलली.

पुढे ते ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात अध्यापन करू लागले आणि १८८८ मध्ये तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. जवळपास तीन दशके ग्राझ हीच त्यांची कर्मभूमी राहिली. तेथेच १८८४ मध्ये त्यांचा वनस्पतींच्या शरीरक्रियात्मक रचनाशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वनस्पतीच्या ऊतींची विभागणी त्यांनी कामानुसार केली. आधार देणाऱ्या, अन्न तयार करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, साठवणाऱ्या आणि संरक्षण करणाऱ्या ऊती त्यांनी वेगवेगळ्या मांडल्या. या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि १९१४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

या अभ्यासातील एक निरीक्षण महाराष्ट्राच्या शेतीशी थेट निगडित आहे. काही गवतवर्गीय वनस्पतींच्या पानात शिरेभोवती हिरव्या पेशींची दोन कडी एखाद्या पुष्पचक्रासारखी रचलेली असतात, हे हाबरलांट यांनी १८८० च्या दशकात वर्णिले. या दोन कड्यांमध्ये कामाची काही वाटणी असावी, असा तर्कही त्यांनी मांडला. तो सिद्ध करण्याची साधने त्या वेळी नव्हती. सुमारे आठ दशकांनी, १९६० च्या दशकात, हवाई आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी उसावर संशोधन करून ही कामाची वाटणी उलगडली. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका ही पिके कडक उन्हात आणि कमी पाण्यातही इतर पिकांपेक्षा अधिक जोमाने वाढतात, त्याचे रहस्य याच दुहेरी कड्यात आहे. या रचनेला आजही हाबरलांट यांनी दिलेल्या जर्मन शब्दावरूनच क्रांझ रचना म्हटले जाते. उन्हाळ्यात तग धरणाऱ्या खानदेशातील ज्वारीच्या पानातही हेच पुष्पचक्र असते.

जावाचे जंगल आणि लाजाळूचे पान

१८९१-९२ मध्ये हाबरलांट यांनी जावा बेटाचा प्रवास केला. बॉयटेनझोर्ख, म्हणजे आजच्या बोगोर, येथील वनस्पती उद्यान त्या काळी जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे तीर्थक्षेत्र होते. युरोपातील काचगृहांत कुंड्यांमध्ये जपली जाणारी झाडे त्यांनी तेथे मूळ रूपात पाहिली. या प्रवासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या दक्षिण-पूर्व आशियाई बेटांच्या प्रदेशात माणसाने केळीला प्रथम माणसाळवले, त्याच प्रदेशातील ही भ्रमंती होती. आपल्या एका कल्पनेचा पुढे याच झाडाला सर्वांत मोठा लाभ होणार आहे, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते.

वनस्पतींना संवेदना असतात का, हाही त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. स्पर्श होताच मिटणाऱ्या लाजाळूच्या पानांत संदेश कसा पसरतो, यावर त्यांनी १८९० मध्ये ग्रंथ लिहिला. विशिष्ट नळीसारख्या पेशींतील द्रवाच्या दाबात होणाऱ्या बदलातून हा संदेश पुढे जातो, असे त्यांचे मत होते. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात आपल्या सूक्ष्म उपकरणांनी प्रयोग करून या मताला आव्हान दिले आणि हा संदेश विद्युत स्वरूपाचा, प्राण्यांच्या मज्जातंतूतील संवेदनेसारखा असतो, असे प्रतिपादन केले. १९०० मध्ये हाबरलांट यांनी मुळे जमिनीकडेच का वळतात, याचे स्पष्टीकरण दिले. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींतील जड पिष्टकण तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते, असा हा सिद्धान्त होता. त्याच वर्षी प्राग येथील बोहुमिल नेमेत्स यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. हे स्पष्टीकरण आजही मुख्यत्वे ग्राह्य मानले जाते.

फसलेला प्रयोग

या सर्व कामाच्या मुळाशी एक प्रश्न सतत होता. वनस्पतीची पेशी शेजारच्या पेशींच्या सहवासात ठरावीक काम करते. मात्र तिला शेजाऱ्यांपासून वेगळे काढले, एकटे ठेवले आणि अन्न पुरवले, तर ती काय करील? तिच्यात संपूर्ण झाड घडवण्याची क्षमता दडलेली असेल का? वनस्पती पेशींची बनलेली असते, हे शास्त्राला १८३८ पासून ठाऊक होते. एका पेशीत संपूर्ण जीव दडलेला असावा, हा विचारही तात्त्विक पातळीवर झालेला होता. परंतु पेशी काढून, भांड्यात ठेवून, पद्धतशीरपणे पाहण्याचा प्रयत्न कोणी केला नव्हता.

हाबरलांट यांनी तो केला. त्यांनी लॅमियम नावाच्या रानटी वनस्पतीच्या पानातील हिरव्या पेशी वेगळ्या केल्या. जलपर्णीच्या देठातील पेशी घेतल्या. आपल्याकडे नद्या-तलावांना विळखा घालणारी हीच ती जलपर्णी. काही वनस्पतींच्या केसांच्या आणि पर्णरंध्रांच्या पेशीही त्यांनी वापरल्या. क्षारांच्या द्रावणात साखर मिसळून त्यांनी या पेशींना अन्न दिले. पेशी जगल्या. काही तर महिनाभर जगल्या. त्या आकाराने वाढल्या, त्यांच्यात पिष्ट साठले, काहींच्या भिंती जाड झाल्या. परंतु एकही पेशी विभागली नाही. वाढ म्हणजे केवळ मोठे होणे नव्हे. एकाचे दोन आणि दोनाचे चार झाल्याशिवाय झाड घडत नाही.

हा निष्फळ प्रयोग त्यांनी लपवला नाही. १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी त्याचा निबंध सादर केला. पेशी विभागल्या नाहीत, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. त्यांनी त्यापुढे जाऊन पुढील वाटही दाखवली. पेशींना विभागण्यासाठी साखर आणि क्षार पुरेसे नसावेत, वाढीला चालना देणारे काही विशेष पदार्थ हवे असावेत आणि ते वाढणाऱ्या भ्रूणाभोवतीच्या द्रवात शोधावेत, अशी सूचना त्यांनी केली. एखाद्या दिवशी सामान्य शारीर पेशीपासून कृत्रिम भ्रूण तयार करता येतील, असे भाकीतही त्यांनी याच निबंधात केले.

प्रयोग का फसला, हे आज सांगणे सोपे आहे. त्यांनी निवडलेल्या पेशी प्रौढ होत्या. आपले अन्न आपण तयार करू शकणाऱ्या हिरव्या पेशी एकट्या सहज जगतील, हा त्यांचा हिशेब होता. परंतु आपल्या कामात मुरलेली प्रौढ पेशी विभाजनाला सहजी तयार होत नाही. शिवाय विभाजनाला चालना देणारी संप्रेरके त्या काळी कोणालाच माहीत नव्हती. घराच्या चाव्या घडण्यापूर्वीच दार उघडण्याचा हा प्रयत्न होता. मात्र चावी कोठे सापडेल, हे त्यांनी अचूक सांगितले होते.

जखमेतून मिळालेला धागा

१९१० मध्ये हाबरलांट यांना बर्लिन विद्यापीठात आपले गुरू श्वेंडेनर यांच्या जागेवर बोलावण्यात आले. बर्लिनच्या डालेम भागात त्यांनी वनस्पती शरीरक्रियाशास्त्राची संस्था उभारली. एकट्या पेशीचा नाद त्यांनी सोडून दिला, परंतु विभाजनाच्या कोड्याने त्यांना सोडले नव्हते. आता त्यांनी ते वेगळ्या बाजूने हाताळले.

बटाटा कापला की जखमेच्या कडेला नव्या पेशींचा थर तयार होतो आणि जखम भरते, हे कोणत्याही स्वयंपाकघरात दिसते. हाबरलांट यांनी बटाट्याचे पातळ काप घेतले. अन्नवाहक ऊतीचा अंश असलेल्या कापात पेशी विभागल्या. तो अंश नसलेल्या कापात विभागल्या नाहीत. म्हणजे त्या ऊतीतून काहीतरी पाझरत होते आणि तेच शेजारच्या पेशींना विभागायला लावत होते. १९१३ मध्ये त्यांनी हे मांडले. पुढे नवलकोलाच्या गड्ड्यावर त्यांनी आणखी एक प्रयोग केला. कापलेला भाग पाण्याने धुतला की पेशींचे विभाजन मंदावे आणि त्यावर चुरडलेल्या ऊतीचा लेप दिला की ते पुन्हा सुरू होई. जखमी पेशीतून स्रवणाऱ्या या पदार्थाला त्यांनी १९२१ च्या सुमारास जखम-संप्रेरक असे नाव दिले. आज ऊतिसंवर्धनाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत ज्यांच्याविना पान हलत नाही, त्या सायटोकायनिन संप्रेरकांची ही पहिली चाहूल होती.

१९२२ मध्ये त्यांचे विद्यार्थी वाल्टर कोटे यांनी मुळांची टोके काचेच्या भांड्यात काही काळ वाढवून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम रॉबिन्स यांनाही असेच यश मिळाले. प्रौढ पेशीऐवजी वाढणारे कोवळे टोक घ्यावे, हा धडा या प्रयोगांनी दिला. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, हाबरलांट निवृत्त झाले.

पित्याआधी गेलेला पुत्र

निवृत्तीनंतरच्या काळात त्यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांचे पुत्र लुडविग हाबरलांट ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. गर्भधारणा झाल्यावर शरीर नवी गर्भधारणा रोखते. मग हेच काम संप्रेरके बाहेरून देऊन का करता येऊ नये, असा प्रश्न लुडविग यांनी विचारला. १९१९ पासून त्यांनी सशांवर प्रयोग केले. गाभण सशाचे बीजकोष दुसऱ्या मादीच्या कातडीखाली बसवले असता ती काही काळ गाभण राहत नाही, असे त्यांना दिसले. पित्याचे जखम-संप्रेरकावरील काम आणि पुत्राचे संप्रेरकांद्वारे संततिनियमनाचे काम एकाच सुमारास, १९२१ मध्ये, जगापुढे येत होते. एक वनस्पतीच्या पेशीला विभागायला लावणारा पदार्थ शोधत होता, तर दुसरा गर्भधारणेला तात्पुरता विराम देणारा.

हे संशोधन माणसांपर्यंत नेण्यासाठी लुडविग यांनी एका औषध कंपनीशी हातमिळवणी केली. १९३० मध्ये औषधाची तयारीही झाली. परंतु तो काळ आणि ते धर्मपरायण शहर या विचारासाठी तयार नव्हते. त्यांच्यावर चौफेर टीका झाली. जुलै १९३२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, लुडविग यांनी आत्महत्या केली. त्यांची कल्पना गोळीच्या रूपाने अमेरिकेतील बाजारात येण्यास १९६० साल उजाडले. आजोबांचे सोयाबीन, वडिलांची पेशी आणि मुलाची गोळी, या तिन्ही गोष्टी जगाने स्वीकारल्या, परंतु मांडणाऱ्याच्या हयातीत नव्हे.

पुत्राच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, गॉटलीब हाबरलांट यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

मावळतीचे दिवस

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून तेथील नगरी सजवली. शेतकऱ्याच्या प्रश्नांना राष्ट्रीय चळवळीच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या या अधिवेशनाच्या वेळी हाबरलांट बर्लिनमध्ये ८२ वर्षांचे होते आणि त्यांचा जुना प्रश्न नव्या हातांत सुटू लागला होता. १९३४ मध्ये अमेरिकेतील फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोची मुळे भांड्यात सातत्याने वाढवून दाखवली होती. त्याच काळात ऑक्सिन या संप्रेरकाची ओळख पटली. १९३९ मध्ये व्हाइट यांनी, तसेच फ्रान्समधील रॉजर गोथेरे आणि पियर नोबेकूर यांनी वनस्पतींच्या ऊती अमर्याद काळ काचेच्या भांड्यात जिवंत व वाढत्या ठेवण्यात यश मिळवले. पेशी आता विभागत होत्या आणि विभागतच राहत होत्या.

१९४१ मध्ये अमेरिकेत योहानेस व्हान ओव्हरबेक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढवण्यासाठी नारळाचे पाणी वापरले आणि ते यशस्वी ठरले. नारळाचे पाणी म्हणजे भ्रूणाला पोसणारा द्रवच. चालना देणारा पदार्थ भ्रूणाभोवतीच्या द्रवात शोधावा, ही १९०२ मधील सूचना एकोणचाळीस वर्षांनी खरी ठरली होती.

३० जानेवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, हाबरलांट यांचे निधन झाले. बॉम्बवर्षावाने शहर उद्ध्वस्त होत होते आणि सोव्हिएत फौजा ओडर नदीपर्यंत येऊन ठेपल्या होत्या. शास्त्रज्ञाच्या मृत्यूची दखल घेण्याइतकी उसंत त्या शहराला नव्हती.

स्वप्न भारतीय हातांत

त्यानंतरची दोन दशके जणू त्यांचा १९०२ चा निबंध ओळीने खरा करून दाखवणारी ठरली. १९५५ मध्ये अमेरिकेत फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांच्या गटाने पेशीविभाजन घडवणारे कायनेटिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की ऑक्सिन आणि कायनेटिन यांचे प्रमाण बदलले की त्याच ऊतीतून कधी मुळे, तर कधी कोंब फुटतात. १९५८ मध्ये फ्रेडरिक स्टुअर्ड यांनी अमेरिकेत आणि याकोब रायनर्ट यांनी जर्मनीत गाजराच्या पेशींपासून भ्रूण घडताना पाहिले. १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षारांचे जे मिश्रण प्रसिद्ध केले, ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांचे मुख्य अन्न आहे.

एकट्या, पूर्णपणे वेगळ्या काढलेल्या पेशीपासून संपूर्ण झाड, हा मूळ प्रश्न मात्र १९६५ मध्ये सुटला. तंबाखूच्या एका पेशीपासून विस्कॉन्सिन येथे फुलणारे झाड वाढवणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक होत्या विमला वसील. त्या दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या विभागात घडल्या होत्या. माहेश्वरी यांनी १९४९ पासून दिल्लीत वनस्पती भ्रूणशास्त्राची जी परंपरा निर्माण केली, तिनेच १९६४ मध्ये आणखी एक पराक्रम केला होता. सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोषातून निम्मी गुणसूत्रे असलेली रोपे मिळवली. या रोपांमुळे नवे वाण तयार करणाऱ्या संशोधकांची अनेक पिढ्यांची प्रतीक्षा वाचते.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजले. तेथील संशोधकांनी सागासारख्या प्रौढ वृक्षाची रोपे ऊतिसंवर्धनाने तयार केली. १९९० मध्ये याच प्रयोगशाळेच्या रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हस यांचा निबंध नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची चर्चा झाली. ज्या बांबूला फुलायला अनेक दशके लागतात, तो काचेच्या भांड्यात काही महिन्यांतच फुलला होता. १९९० च्या दशकातच जळगावात जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित केळीचे उत्पादन सुरू केले आणि ग्रँड नैन हा वाण, शेतकऱ्यांच्या तोंडचा जी-नाइन, ठिबक सिंचनाच्या जोडीने खानदेशात पसरला.

बरणीतून बागेपर्यंत

काटेकोरपणे पाहिले तर केळीचे रोप एका पेशीपासून वाढवले जात नाही. निरोगी, भरघोस घड देणाऱ्या मातृवृक्षाच्या कंदातून वाढीचे कोवळे टोक काढले जाते, निर्जंतुक केले जाते आणि साखर, क्षार, जीवनसत्त्वे व संप्रेरके घातलेल्या माध्यमात ठेवले जाते. त्याला कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बरणीत लावले जातात. अशा फेऱ्या साधारण आठपेक्षा अधिक होऊ देत नाहीत, कारण पुढे रोपांत विकृती वाढू लागते. मग मुळे फुटवली जातात, काही आठवडे हरितगृहात आणि नंतर शेडनेटमध्ये रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावली जाते आणि त्यानंतर ती शेतात जातात. कंदाच्या बागेला अनेकदा दीड वर्ष लागत असे. चांगल्या व्यवस्थापनात ही बाग वर्षभरात कापणीला येते. शिवाय सर्व झाडे जवळपास एकाच वेळी निसवतात, त्यामुळे मालाची गाडी एकदम भरता येते.

केळीला हे तंत्र लाभले, त्याला कारण आहे. आपण खातो त्या केळीत बी नसते. तिची वाढ कायम कंदानेच झाली आणि कंदाबरोबर रोगही एका बागेतून दुसऱ्या बागेत गेले. सफरचंदाचे दुखणे निराळे, पण उपाय तोच. सफरचंदाला बी असते, परंतु त्या बीपासून उगवलेले झाड आईसारखे फळ देत नाही. म्हणून हिमाचल आणि काश्मीरच्या बागांत ते खुंटावर कलम करूनच लावतात. हे खुंट एकसारखे आणि निरोगी मिळावेत, तसेच नव्या वाणांची चाचणी लवकर घेता यावी, यासाठी १९७० च्या दशकापासून इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंगसारख्या संशोधन केंद्रांनी सफरचंदाचे कोंब प्रयोगशाळेत वाढवण्याच्या पद्धती विकसित केल्या. थंड प्रदेशातील फळ आणि तापीकाठचे फळ अशा रीतीने एकाच बरणीत येऊन भेटले.

या तंत्राने नवा धोकाही आणला आहे. एका मातृवृक्षाची लाखो रोपे म्हणजे लाखो जुळी भावंडे. मातृवृक्षात विषाणू दडलेला असेल तर प्रयोगशाळा रोपांबरोबर रोगही वाढवते. शेजारून आलेला रोग एका झाडाला झेपला नाही तर तो बागेतील कोणत्याच झाडाला झेपत नाही. रावेर आणि यावल तालुक्यांतील शेतकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत कुकुंबर मोझॅक विषाणूपायी बागा उपटून टाकल्या आहेत. मावा कीड हा रोग पसरवते आणि शेतात एकदा शिरलेल्या रोगाला औषध नाही. म्हणूनच ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ मध्ये सुरू झाली. मातृवृक्षाची विषाणू चाचणी हा तिचा गाभा आहे. रोपवाटिकेतून रोप घेताना प्रमाणपत्र पाहणे, बागेभोवती काकडीवर्गीय पिके टाळणे आणि रोगट झाड दिसताच ते काढून नष्ट करणे, एवढीच शेतकऱ्याच्या हातातील ढाल आहे.

प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम पुन्हा प्रयोगशाळेकडेच आले आहे. रोगाला तोंड देणारे केळीचे वाण घडवायचे तर बी नसलेल्या या पिकात पारंपरिक संकराची वाट अरुंद आहे. म्हणून संशोधक पेशींच्या पातळीवर बदल करून त्या पेशीपासून पुन्हा संपूर्ण झाड वाढवण्याच्या मार्गाने जात आहेत. एकट्या पेशीला विभागायला लावून तिच्यापासून झाड उभे करणे, हाच या मार्गावरील सर्वांत नाजूक टप्पा आहे. ग्राझच्या प्रयोगशाळेत जलपर्णीच्या पेशी महिनाभर सांभाळणाऱ्या हाबरलांट यांना १९०२ मध्ये जो टप्पा ओलांडता आला नाही, तो नेमका हाच होता.